अरेआमान्साचा परवाना

१

आमचा सकाळचा कार्यक्रम ठरलेला होता. आईचा कॉफीत भिजवलेला पाव खाऊन झाला की मी टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि अरेआमान्साच्या किनाऱ्याचा आवाज लावायची. राखीव किनाऱ्याच्या कचेरीने तिथल्या वाळूच्या टेकाडांत एक मायक्रोफोन बसवला होता, चिखल्या पक्ष्यांची वीण ऐकायला. कुणालाही घरबसल्या ऐकता येई. बाकीचे लोक पक्षी ऐकत असतील, आम्ही समुद्र ऐकायचो.

आई डोळे मिटून बसायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, "ओहोटी लागली." मी भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघायची. लागलेली असायची.

आई, म्हणजे शेनेरोसा, अठ्ठ्याऐंशीची आहे. त्यातली शहात्तर वर्षं तिने अरेआमान्साच्या वाळूला लागून असलेल्या एकुलत्या एका घरात काढली, लाटांनी टाकलेलं शेवाळ गोळा करून विकत. मग किनारा राखीव झाला. एका सकाळी यंत्र आलं आणि दुपारच्या जेवणाच्या आत घर गेलं. आईला इथे पोर्तोवेयो गावात तिसऱ्या मजल्यावर जागा दिली. लिफ्ट नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, अगदी मान बाहेर काढली तर खालची गल्ली. बारा वर्षांत आई जिना उतरली ती डॉक्टरकडे जायला, नाहीतर कुणाला शेवटचं पोचवायला.

आता बारा वर्षांनी कचेरीने दिवसाला बारा माणसं सोडायचं ठरवलं. अर्ज करायचा, परवाना घ्यायचा. माझे दोन अर्ज परत आले. 'अर्जदाराचे वय व प्रकृती पाहता परवानगी देता येत नाही.'

तिसऱ्या अर्जात मी आईचं वय अठ्ठावन्न लिहिलं.

"तू स्वतः एकसष्टची आहेस," माझी धाकटी बहीण चेलो म्हणाली. "फाटकावर विचारलं तर काय सांगशील?"

"सांगीन, तिने उन्हात फार कामं केली."

आई खो खो हसली. तिला इतकं हसताना मी घर पडल्यापासून पाहिलं नव्हतं.

चार दिवसांत परवाना आला. शनिवार, एकोणीस सप्टेंबर. तीन व्यक्ती. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

२

त्या आठवड्यात आमचं स्वयंपाकघर म्हणजे लष्कराचा तंबू झालं होतं. चेलो सार्डिन मासळीच्या कारखान्यातून सुटली की इकडेच यायची. मीही त्याच कारखान्यात एकोणचाळीस वर्षं डबे भरलेत, त्यामुळे आमच्या दोघींच्या योजनेत सगळं कारखान्यातलंच. आईला जिन्यावरून मी पाठुंगळी घेणार. खाली कारखान्याची गाडी. फाटकापासून लाकडी वाटेने चाकांच्या खुर्चीवर, आणि वाट संपून वाळू लागली की मासळीच्या मोठ्या क्रेटमध्ये उशी टाकून, दोरीने ओढत.

"मी बांगडा आहे का?" आई म्हणाली.

"बांगडा गप्प असतो," चेलो म्हणाली.

मंगळवारी सकाळी मी आवाज लावला. लाटा होत्या, वारा होता, एक पक्षी मधूनच शीळ घालत होता. आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मी वर पाहिलं. आई आपल्या खुर्चीत स्थिर होती. माझी खुर्ची मी हलवली नव्हती. आवाज परत आला. लाकडी पाय ओढले गेले, जरा अडखळले, थांबले. वाळूवर खुर्ची ओढली तर आवाज होत नाही, हे मला बारा वर्षांनंतरही आठवत होतं. हा आवाज फरशीवरचा होता.

मी टॅबलेट बंद केला, भांडी विसळली, आणि मनाची समजूत घातली की यंत्र आहे, कुठलाही आवाज कुठेही घुसतो. तळमजल्यावर आउरोरा राहते, तिचा रेडिओ दिवसभर चालू असतो. नाटक लागलं असेल.

बुधवारी आवाज लावला तेव्हा आउरोरा बाजारात गेली होती. मी तिला पिशवी घेऊन जाताना पाहिलं होतं.

त्या दिवशी कुणीतरी पायऱ्या मोजत होतं.

३

बाईचा आवाज होता. घोगरा, खालच्या पट्टीतला, हातातलं काम न सोडता बोलावं तसा. बोलणं आमचंच, पण आईच्या तरुणपणीचं, किनाऱ्यावरच्या जुन्या बायकांचं. असे शब्द आता कुणी वापरत नाही.

"सोळा," ती म्हणाली. "मग वळण. मग परत सोळा. दुसऱ्या वळणावर भिंतीला ओल आहे, तिथे हात टेकू नका. मग चौदा."

"दार कुठल्या बाजूचं?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"उजव्या."

मग लाट आली आणि बाकीचं त्यात गेलं.

मी जिन्यात जाऊन पायऱ्या मोजल्या. बारा वर्षं चढते-उतरतेय, कधी मोजल्या नव्हत्या. सोळा, सोळा, चौदा. दुसऱ्या वळणावर भिंतीचा पोपडा सुटला होता आणि खाली हिरवट ओल आली होती. आमचं दार उजव्या बाजूला आहे.

वर येऊन मी एक ग्लास पाणी प्यायले. इमारती सगळ्या सारख्याच असतात, मी स्वतःला म्हटलं. ही घरं सरकारने एका नकाशावर बांधली, अशा पायऱ्या शंभर जिन्यांना असतील. ओल तर सगळ्या गावाला आहे. हे सगळं खरंच होतं. तरी मी जाऊन दाराला कडी लावली.

मी कचेरीत फोन लावला. तिथला कारकून बाल्तासार. त्याच्या आईने माझ्याशेजारी उभं राहून वीस वर्षं डबे भरले.

"बाल्तासार, मी दोरिंदा. तुमच्या मायक्रोफोनमध्ये कुणाचं तरी घर ऐकू येतंय."

"कुठल्या मायक्रोफोनमध्ये, दोरिंदाबाई?"

"किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच होता."

"होता म्हणजे?"

"ऑगस्टच्या वादळात खांबासकट आडवा झाला. माझ्या टेबलाच्या खणात आहे, तारेसकट. नवा यायचाय." खण ओढल्याचा आवाज आला. "तुम्ही काय ऐकताय?"

"तुला काय वाटतं, काय ऐकत असू?"

मागे कुणाच्या तरी छपाईयंत्राचा खडखडाट चालला होता. मग एकदम सरकारी आवाजात म्हणाला, "शनिवारी हवा बिघडण्याची शक्यता आहे. तुमचा दिवस पुढे ढकलून देऊ का?"

"हवेचा अंदाज माझ्यासमोर आहे. झुळूकसुद्धा नाही."

"दोरिंदाबाई, काही माणसं परवाना घेतात आणि जात नाहीत. त्यात कमीपणा नाही."

"आम्ही जाणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की मी विचारायला हवं होतं, कुठली माणसं.

४

गुरुवारी संध्याकाळी मी चेलोला ऐकवलं. खिडकीत अजून ऊन होतं. आई तिच्या खोलीत पडली होती.

आधी पाच मिनिटं नुसता समुद्र. चेलो माझ्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तसं. मग आवाज आले, या वेळी तीन-चार, एकात एक मिसळलेले. मध्येच कप बशीत ठेवल्याचा आवाज. ती माणसं बसून बेत ठरवत होती. घाई नव्हती, कुजबुज नव्हती. आम्ही जसं बोलत होतो अगदी तसंच बोलणं.

"म्हातारी कुठल्या खोलीत?"

"गल्लीकडच्या."

"चालवेल तिला?"

"उचलूनच आणावी लागेल. मी घेईन पाठीवर."

"कधी?"

"शनिवारी. दहाच्या आधी नको."

कुणीतरी हसलं. चेलोने टॅबलेट उपडा केला, वर उशी टाकली आणि तिच्यावर दोन्ही हात दाबून उभी राहिली, जणू खालून कुणी वर येणार होतं.

"अर्ज रद्द कर," ती म्हणाली.

"आणि शनिवारी घरात बसू? ते येणार म्हणतायत ना, मग ते येतील तेव्हा आपण तिघी घरात, हेच हवंय का तुला?"

"तू हे खरं धरून चाललीयस!"

"तू उशी दाबून का उभी आहेस?"

ती रडायला लागली. म्हणाली, आईला मोठ्या गावात मावसबहिणीकडे नेऊ, दार बंद करू, मी पाद्रीबाबांना सांगते. मीही घाबरले होते, ते मी लपवत नाही. पण त्या भीतीखाली दुसरंही काहीतरी उकळत होतं. एकदा यंत्र आणून आईला तिच्या घरातून उचललं, तेव्हा मी हाताची घडी घालून रस्त्यावर उभी राहिले होते, कारण कागदावर शिक्का होता. मग बारा वर्षं तिला तिच्याच वाळूवर पाय ठेवू दिला नाही, कारण कागदावर शिक्का नव्हता. आणि आता हे कुणी तिसरेच, न विचारता, न कळवता, आमच्या पायऱ्या मोजत होते.

"इतक्या मोठ्याने भांडू नका," दारातून आई म्हणाली. भिंतीला धरून ती एकटी तिथवर आली होती. "काय म्हणतायत ते? शनिवारच ना?"

चेलोने उशीवरचे हात काढले.

"मी आठवडाभर ऐकतेय. तुम्ही माझ्याआधी ऐकत होतात असं वाटलं का?" ती हळूहळू खुर्चीत बसली. "बायकांनो, शनिवारी आपल्याला बाहेर जायचंय. न सांगता पाहुणे आले आणि घरात कुणी नसलं, तर चूक कुणाची?"

"आई, कोण आहेत ते?" चेलोने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी त्यांना बोलावलं का?" ती म्हणाली. "एम्पानादा सार्डिनचंच सारण भरून भाज. कांदा भरपूर."

५

शनिवारी आम्ही सव्वाआठलाच निघालो. खिडक्या लावल्या, दाराला दोनदा कुलूप फिरवलं. आई माझ्या पाठीवर होती. तिचं वजन शाळेच्या दप्तराएवढं. दुसऱ्या वळणावर मी भिंतीला हात टेकला नाही.

फाटकावरच्या माणसाने परवाना पाहिला, आईकडे पाहिलं.

"अठ्ठावन्न?" तो म्हणाला.

"तुम्ही किती वर्षांचे?" आईने विचारलं.

"चाळीस."

"दिसत नाही," आई म्हणाली. त्याने फाटक उघडलं.

बाकीचे नऊ जण आले नव्हते. किनारा पूर्ण मोकळा होता. पाणी असं संथ, जणू कुणी गादीवर चादर ताणून घातलीय. चेलो आणि मी दोरी खांद्यावर टाकून क्रेट ओढत होतो आणि आई मध्ये बसून, एका हाताने काठ धरून, दुसऱ्याने दिशा दाखवत होती. इथे विहीर होती. इथे तुमच्या बापाने होडी उलटी टाकली होती. हा उंबरठा. तिथे आता नुसतं गवत होतं. तिने ते दोन मुठी उपटून बाजूला फेकलं.

मला मात्र काहीतरी खुपत होतं. किनारा निर्जन आहे असं वाटत नव्हतं. घरातली माणसं नुकतीच बाहेर पडलेली असली की घर जसं वाटतं, तसं वाटत होतं.

मग चेलो थांबली. तिने दोरी सोडली.

ओल्या वाळूत पावलं होती. अनवाणी, लहान-मोठी, वीसेक जणांची तरी. पाण्यातून निघून वर टेकाडांकडे, आणि तिथून गावाच्या रस्त्याकडे गेलेली. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं. काठांवरची वाळू अजून ढासळली नव्हती, इतकी ती ताजी होती.

"निघाले म्हणायचे," आई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. शेजारीण एकदाची माहेरी गेली की मागे राहिलेलीला वाटतं, तसं काहीतरी होतं. "मला पाण्याशी न्या."

आम्ही तिला त्या पावलांवरूनच ओढत नेलं. क्रेटच्या तळाने त्यातली बरीचशी पुसली गेली. आई मागे वळून ते बघत होती.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. तिने गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडले. एम्पानादा खाल्ली, बोटं चाटली, वाळूत आडवी होऊन तासभर झोपली. आम्ही दोघींनी तिच्या दोन बाजूंना बसून पाण्यावर नजर ठेवली. पाण्यात काही नव्हतं. एकही चिखल्या दिसला नाही, एकही ऐकू आला नाही. सहाला फाटकावरच्या माणसाने शिट्टी वाजवली तेव्हा आई म्हणाली, "वाजव बाबा, फुफ्फुसं चांगली राहतात," आणि आणखी वीस मिनिटं हलली नाही.

६

गल्लीत पोचलो तेव्हा समोरच्या भिंतीवर पिवळं ऊन होतं. गाडीतून उतरताना मी वर पाहिलं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून दोन हात बाहेर आले. त्यांनी आमचा टेबलक्लॉथ झटकला, एकदा, दोनदा, आणि पुन्हा आत घेतला. जेवणं झाल्यावर कुठलीही बाई झटकते तसा. हात कोपरापर्यंत उघडे होते. रंग बरोबर नव्हता. यापेक्षा जास्त मी पाहिलं नाही, आणि चेलो तर तेवढंही पाहिलं नाही म्हणते.

आईला पाठीवर घेऊन आत शिरले तर आउरोरा आपल्या दारात उभी होती. "तुमच्याकडे पाहुणे आलेत," ती म्हणाली. "दहा वाजल्यापासून आहेत. खालचं दार मीच उघडलं."

"कसे आहेत?" मी विचारलं.

"कसे म्हणजे? पाहुण्यांसारखे. शांत. बोलतसुद्धा नाहीत फारसं." तिने मागे जिन्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा जरा बदलला. "पाऊस पडला का ग कुठे?"

पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं.

चेलोने माझा दंड धरला. "दोरिंदा, गाडीत बस. आईला घेऊन गाडीत बस."

मी खरंच वळले होते. पाठीवरून आईने माझ्या कानाची पाळी धरली, लहानपणी धरायची तशी.

"एकदा मला घरातून काढलं तेव्हा मी गेले," ती म्हणाली. "आता नाही जाणार. चढ."

मी चढले. सोळा. वळण. चेलो मागे येत होती, तिचे दात वाजत होते, पण येत होती. सोळा. दुसऱ्या वळणावरून वर पाहिलं तर आमचं दार सताड उघडं. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, एकदम सगळ्या.

"मी शेनेरोसा!" आई ओरडली. त्या एवढ्याशा छातीतून इतका मोठा आवाज कसा निघाला कोण जाणे. पूर्वी ती होडीवरच्या माणसांना असाच किनाऱ्यावरून आवाज द्यायची. "घराची मालकीण आली आहे! निघा!"

मग ते उतरू लागले.

जिना अरुंद आहे. वरून कुणी आलं की खालच्याने भिंतीला लागून उभं राहायचं, ही आमची रोजची सवय. मी सवयीनेच वळले आणि भिंतीकडे तोंड केलं, त्याच ओल्या पोपड्यावर कपाळ टेकून. त्यामुळे मी पाहिलं नाही. पाहिलं ते आईने, कारण ती माझ्या पाठीवरून मान वळवून बघत होती. माझ्या पोटऱ्यांना गार लागत होतं, एक जण गेला की पुन्हा, पुन्हा. शेवाळाचा वास. पावलांचा पचपच आवाज. चेलो खालच्या पायरीवर डोकं गुडघ्यात घालून प्रार्थना म्हणत होती आणि मध्येच चुकत होती.

शेवटचा कुणीतरी थांबला. माझ्या अगदी मागे. पाठीवरचं ओझं मला हलकं झाल्यासारखं वाटलं, जणू दुसऱ्या बाजूने कुणी खाली हात घातला होता. मी आईच्या मांड्या घट्ट आवळून धरल्या आणि भिंतीला म्हटलं, "ही माझी आहे."

ओझं परत पडलं. आईचा श्वास माझ्या मानेवर होता, जोरात चाललेला. मग तिने, दारी आलेल्या कुणालाही बोलावं तसं, त्याला खडसावलं:

"कपडे ओले, पाय ओले, सगळं घर घाण केलंत. पुढच्या वेळी पाय पुसून यायचं. कळलं?"

पावलं खाली गेली. मी वर गेले. स्वयंपाकघरात टेबलक्लॉथ नीट घडी करून ठेवला होता. सगळ्या खुर्च्या भिजलेल्या. आईने सांगितलं तिथेच, तिच्या जागी, त्या पाण्यातच मी तिला बसवलं. तिने काय पाहिलं ते मी विचारलं नाही. ती हसत नव्हती, थरथरत होती, पण तिची हनुवटी वर होती.

चेलो दारात उभी होती. तिने अचानक हात वर केला, गप्प राहा म्हणून.

खाली, तळमजल्यावर, आउरोराच्या दारासमोरच्या पायपुसण्यावर कुणीतरी पाय पुसत होतं. सावकाश. एक पाय, मग दुसरा. मग पुढचा माणूस. मग त्याच्या पुढचा.

चेलोने दाराला हात घातला.

"राहू दे उघडं," आई म्हणाली. "ताटं काढ, दोरिंदा. घर माझं आहे. बसून बोलेन मी त्यांच्याशी."

पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं. आता कोरडं. मी ताटं काढायला लागले.